सिस्टर, अजून किती वेळ?

२०१९ च्या रमजानची गोष्ट. मे महिना होता. आमच्या भागातले मे महिन्याचे ऊन ज्यांनी पाहिले आहे त्यांना अधिक सांगायला नको. अम्मीला साखरेचा आजार चौदा वर्षांचा. डॉक्टरांनी दरवर्षीप्रमाणे त्याही वर्षी बजावले होते, रोजे धरू नका. आजारी माणसाला सूट आहे आणि ती खुद्द कुराणात आहे, हे अम्मीला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक. पण "मेरेकू कुछ नै होता" हे तिचे एकच उत्तर. आम्ही दोघे भाऊ. एक जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक, दुसऱ्याचे तालुक्याच्या बाजारपेठेत किराणा दुकान. दोघांनीही तिला एकदा म्हणून पाहिले, दुसऱ्यांदा म्हटले नाही. आई या वयातही रोजा धरते याचे आतून बरेच वाटत होते, खोटे कशाला बोला.

त्या दिवशी सहेरीला तिने साखरेची गोळी नेहमीप्रमाणे घेतली आणि खाल्ली मात्र अर्धीच भाकरी. असरच्या नमाजनंतर ती असंबद्ध बोलू लागली. वीस वर्षांपूर्वी वारलेल्या खालाजानला हाका मारू लागली. अंगाला दरदरून घाम सुटला. आम्हाला वाटले, ऊन लागले. रोजा सोडवला, पाणी पाजले, ते ओठांच्या कडेने ओघळून गेले. शेजाऱ्यांची जीप काढली. गावाच्या वेशीवर ग्रामीण रुग्णालय आहे. "इथे दाखवावं का?" असे एकाने विचारले. दुसरा म्हणाला, "तिथून पुढेच पाठवतात. वेळ कशाला घालवायचा?" जीप थांबली नाही. जिल्ह्याचे ठिकाण तिथून बावन्न किलोमीटर.

सव्वासहाला सरकारी रुग्णालयात पोहोचलो. एकजण केसपेपरच्या रांगेत, एकजण स्ट्रेचर शोधायला. स्ट्रेचर दोन होते. एकावर कुणीतरी होते, दुसऱ्याचे चाक निखळलेले होते. शेवटी अम्मीला दोन्ही बाजूंनी धरून अपघात विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसवले. ती बसू शकत नव्हती, खांद्यावर कलंडत होती. आत एक डॉक्टर, एक शिकाऊ डॉक्टर, एक सिस्टर आणि एक मामा. वॉर्डबॉयला आमच्याकडे सगळे मामाच म्हणतात आणि आयाबाईंना मावशी. सरकारी दवाखान्यात औषध नसले तरी नातीगोती भरपूर.

सिस्टरने दारातून अम्मीकडे पाहिले. "काय होतंय?" "ऊन लागलंय," आम्हीच सांगितले. "बसा, बोलावते," ती म्हणाली. ती वळते न वळते तोच बाहेर आरडाओरडा झाला. लग्नाच्या वऱ्हाडाचा टेम्पो उलटला होता. एकामागून एक माणसे आत येऊ लागली. कुणाचे डोके फुटलेले, कुणाचा हात लोंबणारा, नवरीकडची एक म्हातारी तर रक्ताने न्हालेली. अकरा जण होते. आमच्यापुढे नंबर कुणाचा आणि मागे कुणाचा, हा हिशेबच पुसला गेला.

मगरिबची अजान झाली तेव्हा आम्ही बाकावरच होतो. शेजारी एक अनोळखी मौलाना आपल्या नातवाला घेऊन बसले होते. त्यांनी खिशातून खजुराची पुडी काढली, सगळ्यांना एकेक दिला. रोजा नसलेल्यांनाही दिला. एक खजूर घेऊन ते दारापर्यंत गेले, "बेटी, तू भी ले." सिस्टरने दोन्ही हात वर करून दाखवले. हातमोज्यांवर रक्त होते. मौलानांनी तो खजूर कागदावर ठेवून टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवला. आम्ही निघालो तेव्हाही तो तिथेच होता.

साडेसात वाजले. अम्मीचे बोलणे थांबले. आम्हाला वाटले, झोप लागली, बरे झाले. (हे लिहिताना आजही हात थांबतो.) पावणेआठला तिच्या घशातून घरघर येऊ लागली आणि आमच्यापैकी एकाचा तोल गेला. कोणाचा ते सांगत नाही, कारण दुसऱ्याच्याही तोंडात तेच शब्द होते. "सिस्टर, अजून किती वेळ? आमची आई मरायची वाट बघताय का? पगार कशाचा घेता?" आणखीही काही बोललो, ते इथे छापण्यासारखे नाही. सिस्टरने टाके घालण्याचा ट्रे डॉक्टरांच्या हाताशी सरकवला आणि मान न वळवता म्हणाली, "दादा, एवढं रक्त थांबू दे. येतेच मी." आवाज चढला नव्हता. त्याचाच आम्हाला आणखी राग आला.

आठच्या सुमारास आमची धाकटी बहीण पोहोचली. तिला दिलेले गाव जिल्ह्याच्या ठिकाणापासून जवळ. फोन केल्यावर एसटी पकडून आली होती. बुरख्याचा नकाब वर करून तिने अम्मीच्या कपाळाला हात लावला. "ऊन लगा तो बदन गरम रहता भय्या. ये तो थंडा पडा है." मग तिने विचारले, "शुगर देखे क्या?" आम्ही एकमेकांकडे पाहिले. ती सरळ आत गेली. काय बोलली ते ऐकू आले नाही. सिस्टर त्या क्षणी हातमोजे काढत बाहेर आली, बोटाला टोचले, पट्टी यंत्रात घातली. एकतीस. साखर सत्तरच्या खाली गेली तरी डॉक्टर सावध होतात. अम्मीची एकतीस होती, आणि ती किती वेळ तशी होती हे अल्लाहच जाणे. ग्लुकोजचे इंजेक्शन शिरेतून गेले. पाच-सात मिनिटांत अम्मीने डोळे उघडले आणि विचारले, "इफ्तार हुआ क्या?"

बोटाला टोचून साखर बघायला एक मिनिट लागते. आम्ही बाकावर पावणेदोन तास होतो. त्या वेशीवरच्या ग्रामीण रुग्णालयात थांबलो असतो तर कदाचित पावणेतीन तास वाचले असते. पुढे या विषयावर वाचायला लागलो तेव्हा कळले, दारातच रुग्णांची छाननी करून कोणाला आधी बघायचे हे ठरवण्याचे शास्त्र नेपोलियनच्या फौजेतल्या लारे नावाच्या शल्यवैद्याने रुजवले. आलेल्याचा हुद्दा पाहायचा नाही, जखम पाहायची. इंग्लंडमध्ये मँचेस्टरला १९९० च्या दशकात त्याची रंगवार पद्धत बसवली. लाल म्हणजे ताबडतोब, नारिंगी म्हणजे दहा मिनिटांत, पिवळा म्हणजे तासाभरात, आणि सर्वांत साधा निळा, तो चार तास थांबला तरी चालेल. म्हणजे वाट पाहणे हा काही गुन्हा नाही. अपघात विभागात सगळेच एका वेळी पहिले असू शकत नाहीत. पण कोण थांबू शकतो आणि कोण नाही हे ठरवायला दारात कुणीतरी उभे असावे लागते. ते काम जगभर परिचारिका करते. आमच्या त्या दारात उभी राहणारी होती ती आत टाक्यांचा ट्रे धरून उभी होती. (श्रीमंत देशांत सगळे आलबेल आहे असेही नाही. इंग्लंडच्या सरकारी दवाखान्यांनी शंभरातल्या पंचाण्णव रुग्णांना चार तासांच्या आत मार्गी लावण्याचे ठरवले होते. २०१५ नंतर देशभराचा तो आकडा त्यांनाही गाठता आलेला नाही.)

अम्मीला स्त्रियांच्या वॉर्डात हलवले. डॉक्टर म्हणाले, या जातीच्या गोळीचा अंमल लवकर उतरत नाही, साखर पुन्हा पडू शकते, निदान एक रात्र-दिवस दर तासाला तपासायला हवी. वॉर्डात खाटा चाळीस. बायका चौपन्न, उरलेल्या खाली गाद्यांवर. रात्रीची ड्यूटी बारा तासांची आणि सिस्टर एक. दर तासाला तपासायचे म्हणजे कुणी?

भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे, साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका, वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. वर रजेवर जाणाऱ्यांसाठी राखीव वेगळ्या. कागदावर वाचायला फार छान वाटते. त्या रात्री सिस्टर आम्हाला एवढेच म्हणाली, "माझ्यासोबतची दुसरी अतिदक्षता विभागात नेली. तिथली प्रसूती रजेवर आहे. तिच्या जागी कुणी दिलेलं नाही." मग ती दहाची इंजेक्शने द्यायला निघाली. शेवटच्या खाटेपर्यंत पोहोचली तेव्हा बारा वाजले होते. मध्येच एका बाईची सलाईन संपून नळीत रक्त चढले, तिची नातेवाईक ओरडत आली. मध्येच औषधांच्या मागणीची वही लिही, मध्येच फोन, मध्येच "सिस्टर, पंखा लागत नाही." पंख्याची तक्रारसुद्धा सिस्टरकडेच.

धाकटीने तिला गाठले. "मला दाखवा कसं करायचं, मी करते दर तासाला." सिस्टरने एकदा दाखवले. धाकटीने रात्रभर केले. वहीच्या मागच्या पानावर वेळ आणि आकडा लिहीत गेली. एकच्या सुमारास साखर पुन्हा बावन्नवर आली, तेव्हा तिने पळत जाऊन सिस्टरला बोलावले आणि ग्लुकोज वाढवून घेतले. एवढ्यावर थांबली नाही. शेजारच्या खाटेवरच्या एकट्या आजीबाईला कुशीवर वळवले, उलटी पुसली, तिच्या पाठीखाली चादर सारखी केली. आम्ही दोघे मर्द माणसे बाहेरच्या व्हरांड्यात पेपर अंथरून बसलो होतो, दारातून दिसत होते तेवढे बघत होतो. एक गोष्ट तेव्हा लक्षात आली. आपल्याकडच्या सरकारी दवाखान्यांत निम्म्याहून अधिक शुश्रूषा नातेवाईकच करतात. बेडपॅन, पाणी, पालथे-उताणे करणे, सलाईनवर डोळा ठेवणे. ज्याच्याजवळ कुणी नाही, त्याचे हाल त्या आजीबाईसारखे.

पहाटे चारला सिस्टर जरा टेकली. धाकटीची वही पाहून म्हणाली, "ताई, तुम्ही नर्सिंग केलंय का?"

"नाही," धाकटी म्हणाली. "करणार होते."

व्हरांड्यात आम्ही दोघांनी ऐकले. एकमेकांकडे पाहिले नाही.

१९९८ साली धाकटी बारावी सायन्स पास झाली. मिशनच्या एका दवाखान्याच्या नर्सिंग शाळेत तिने स्वतःच अर्ज केला होता, आणि प्रवेशाचे पत्र घरी आले. अम्मीला काही कळेना, पण ती खूश होती. अब्बा दोन दिवस गप्प होते. त्यांचा स्वभाव नरम. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले असते, जा. नाही म्हणालो ते आम्ही. त्या काळी आम्ही नुकतेच मिसरूड फुटलेले, मोहल्ल्याच्या नाक्यावर उभे राहणारे. परक्या मर्दांच्या अंगाला हात लावायचा, रात्री-बेरात्री ड्यूटी, गुडघ्यापर्यंतचा झगा, आणि "नर्सकू कौन रिश्ता देता?" हे शेवटचे वाक्य आमच्यातल्याच एकाचे. अब्बांनी पत्र घडी करून पेटीत ठेवले. दोन वर्षांनी धाकटीचे लग्न झाले. पत्राचा विषय घरात पुन्हा निघाला नाही. ती रडली का, हेही आम्हाला माहीत नाही. आम्ही बघितलेच नव्हते.

आणि ज्या धर्माचे नाव पुढे करून आम्ही नाही म्हणालो, त्याच्या इतिहासात काय आहे? हिजरी ५ मध्ये, म्हणजे इसवी सन ६२७ मध्ये, खंदकाची लढाई झाली. त्या लढाईत जखमी झालेले साद बिन मुआज यांना मदिन्याच्या मशिदीच्या आवारातल्या एका तंबूत ठेवले होते. तो तंबू रुफैदा नावाच्या बाईचा होता. ती जखमींची शुश्रूषा करी. ज्या लढाया आमच्या वाजांमधून आम्ही शेकडो वेळा ऐकल्या, त्यांतल्या या तंबूची गोष्ट आम्हाला कुणी सांगितली नव्हती. चाळिशी ओलांडल्यावर ती वाचनात आली. आणि मराठी शाळेत शिकलेल्या आम्हाला सावित्रीबाई पहिल्या शिक्षिका म्हणून पाठ. त्या १८९७ च्या प्लेगमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता स्वतः प्लेगने गेल्या, हे पाठ्यपुस्तकात असूनही डोक्यात शिरले नव्हते.

आता कुणी म्हणेल, एक मुलगी नर्स झाली असती म्हणून सरकारी दवाखान्यातल्या रिकाम्या जागा भरल्या असत्या का? नसत्या. हा हिशेब आम्हालाही कळतो. नर्सिंगची पदविका घेतलेल्या मुली आजही घरी बसल्या आहेत किंवा खासगी दवाखान्यात किराणा दुकानाच्या नोकराएवढ्या पगारावर राबत आहेत. मंजूर पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत, भरली तर कंत्राटी. मे २०२२ मध्ये राज्यातल्या परिचारिकांनी संप केला तो याच कंत्राटी, बाहेरच्या संस्थेमार्फत होणाऱ्या भरतीविरुद्ध. आमच्या गावातल्या लोकांनी तेव्हा शिव्याच दिल्या, पेशंट सोडून रस्त्यावर बसल्या म्हणून. याच लोकांनी दोन वर्षांपूर्वी, २२ मार्च २०२० ला, त्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या होत्या. ज्यांना जमते त्या आखातात जातात, विलायतेत जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्येच सांगितले होते, जगात ५९ लाख परिचारिका कमी आहेत. श्रीमंत देश आपली कमतरता आपल्याकडून भागवतात. आपण आपली नातेवाइकांकडून.

आणि जेव्हा काही घडते तेव्हा? ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली, दहा बाळे गेली. कारवाई झाली तीत कंत्राटी परिचारिकाही होत्या, त्यांना घरी पाठवले गेले. चूक असेल त्याला शिक्षा व्हावी, त्यात दुमत नाही. पण त्या रात्री त्या कक्षावर किती डोळे असायला हवे होते आणि किती होते, हा प्रश्न आम्हाला तो वॉर्ड पाहिल्यापासून सुटत नाही. २०२३ च्या ऑगस्टपासून आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, चांगलेच झाले. केसपेपरचे पैसे वाचले. रांग मात्र तेवढीच राहिली. त्याच वर्षी सप्टेंबर संपता संपता नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस जण दगावले, त्यांत बारा नवजात. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. एका खासदारांनी येऊन अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावले, त्याची छायाचित्रे छापून आली. सफाई कामगार पुरेसे आहेत का, हे त्यांनी झाडू हातात देण्यापूर्वी विचारले होते की नाही, कोण जाणे.

आम्हीही तेच केले होते. समोर दिसली तिच्यावर ओरडलो. जी जागा रिकामी होती तिच्यावर ओरडता येत नाही.

अम्मी पाचव्या दिवशी घरी आली. पण पूर्वीची अम्मी आली नाही. नावे विसरू लागली, चुलीवर भांडे ठेवून विसरू लागली. डॉक्टर म्हणाले, मेंदूला तेवढा वेळ साखर मिळाली नाही की असे होऊ शकते. वयाचेही असेल. नक्की कुणी सांगितले नाही, आणि आम्ही जोर लावून विचारलेही नाही. दर रमजानला ती विचारायची, "इफ्तार हुआ क्या?" सकाळी दहाला विचारायची. २०२३ च्या थंडीत ती गेली. शेवटचे आठ महिने तिचे सगळे धाकटीनेच केले, आणि धाकटीच्या मुलीने.

ती मुलगी २०२२ मध्ये बारावी झाली आणि तिने नर्सिंगचा फॉर्म भरला. घरात बसून चर्चा झाली. धाकटीच्या सासरकडचे एक बुजुर्ग म्हणाले, "लडकी जात है, रात की ड्यूटी..." आम्ही दोघे मामू म्हणून बोलावलेले. चोवीस वर्षांपूर्वीची आमची सगळी वाक्ये त्यांच्या तोंडून येत होती, एकही सुटले नाही. आम्ही तोंड उघडणार तेवढ्यात धाकटी चहाचा ट्रे ठेवून म्हणाली, "फीस भरके आई मैं." एवढेच. शिलाईच्या मशीनवर जमवलेले पैसे होते. आम्हाला बोलायला काही उरले नाही. आमची हिंमत दाखवायची संधीही तिने ठेवली नाही, हे बरेच केले.

मागच्या वर्षी भाचीची प्रशिक्षणाची रात्रपाळी दुसऱ्या एका जिल्ह्यातल्या सरकारी रुग्णालयात होती. ईद दोन दिवसांवर आलेली. तिला घरी आणायला आम्ही दोघे गेलो. सकाळी आठला सुटणार होती. आम्ही अपघात विभागाच्या बाहेरच्या बाकावर बसलो. साडेआठ झाले, नऊ झाले. फोन लागला नाही. एका मावशींना विचारले तर त्या म्हणाल्या, सकाळच्या सिस्टर आलेल्या नाहीत, शिकाऊ पोरींना थांबवून घेतलंय. बाकावर आमच्या शेजारी एक तरुण शेतकरी बसला होता, मांडीवर तापाने फणफणलेले लेकरू. तो तीनदा उठून दारापर्यंत जाऊन आला. चौथ्यांदा गेला तेव्हा त्याचा आवाज चढला.

"सिस्टर, अजून किती वेळ?"

आतून उत्तर आले, "दादा, ताप किती आहे बघते आधी, आणा त्याला इकडे." आवाज आमच्या ओळखीचा होता.

साडेदहाला ती बाहेर आली. डोळे तांबारलेले, ओढणी पिशवीत कोंबलेली. सलाम केला आणि म्हणाली, "मामू, कल रात से तीन बिस्कुट पे हूँ. पहले कुछ खिलाओ, फिर पूछो."